ऐंशी मीटर

मशीन म्हणतं, तेराशे चाळीसवर तुटलीय.
नकाशा म्हणतो, परीक्षा विभाग ते मुलींचं हॉस्टेल
अंतरच मुळात बाराशे साठ.
म्हणजे केबल तुटली ती हॉस्टेल ओलांडून
ऐंशी मीटर पुढं, कुंपणाबाहेर,
जिथं नुसत्या निलगिरी
आणि खाली हायवेवर कोल्हापूरकडं निघालेले ट्रक.

मशीन उजेड सोडतं.
तुटल्या जागेवरून तो माघारी येतो,
किती वेळानं आला त्यावर अंतर.
विहिरीत हाक मारावी तसं.
त्यात खोटं बोलायला जागा नाही.

ऑगस्टची भुरभुर, संध्याकाळचे सात.
उद्या नऊला छत्तीस कॉलेजांना प्रश्नपत्रिका इथूनच सुटायच्या.
परीक्षा विभागाचा फोन कन्नडात,
रेक्टरबाईंचा मराठीत,
कंत्राटदाराचा हिंदीत, शिव्यांसकट.
तिघांचं म्हणणं एकच: कधी?

मडिवाळ आणि मी. एक बॅटरी, एक पहार.
तो सौंदत्तीकडचा, महिन्यापूर्वी आलेला, मराठीचा गंध नाही.
मी तुरमुरीचा. कन्नड बोलतो,
वाचायला गेलो तर पाटी वाचून होईतो बस निघून जाते.
आमच्या घरी मोबाईल
सोप्यातनं परड्यात नेला की राज्य बदलतो,
दर खेपेला स्वागत करतो.
आई म्हणते, "मेल्याला सांग, मी हितंच हाय."

पहिल्या चेंबरात बेडूक.
दुसऱ्यात गुडघाभर तांबडं पाणी.
तिसरा नकाशात नव्हताच,
मडिवाळच्या बुटाला लागला, गवताखाली.
झाकण पालथं केलं.
आत खुंटीला टांगलेलं वेटोळं,
सायकलच्या चाकाएवढं,
चार ठिकाणी सुतळीनं बांधलेलं.
मोजलं. चाळीस मीटर.
आणि झाकणाच्या पोटावर
पांढऱ्या ऑइलपेंटनं कन्नड अक्षरं.

मडिवाळ वाकला, एकेक अक्षर लावत गेला:
थो. डं. जा. दा. ठे. व. लं. य.
मग माझ्याकडं बघून म्हणाला, हे कन्नड नाही.
"परत वाच."
त्यानं परत वाचलं, आता जोडून,
आणि खालचं नावही: भरमाण्णा.

भरमाण्णा हुंदरे. माझ्या आधी सात वर्षं इथं,
कंत्राटीच. घरात मराठी, शाळा कन्नड.
स्टोअरच्या वहीत ऐंशी मीटर कमी भरली तेव्हा
विकून खाल्ली म्हणाले,
शेवटच्या बिलातनं कापून घेतले.
मला एकदाच भेटला, किल्ल्यांचा जुडगा देताना.
"हिशोब जुळणार न्हाई बघ. भिऊ नको."
मला वाटलं, किल्ल्यांबद्दल बोलतोय.

दुसरं वेटोळं हॉस्टेलच्या पायरीखाली निघालं.
चाळीस.
तिथनं चार पावलांवर, पाण्याच्या नव्या पाइपसाठी
कुणीतरी कुदळ घातलेली.

रेक्टरबाईंनी छत्री धरली.
वेटोळ्यातली सहा मीटर ओढून घेतली,
दोन्ही टोकं सोलली,
निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी,
राखाडी, पांढरा. केसापेक्षा बारीक काच.
मडिवाळ प्रत्येक रंग कन्नडात म्हणून
डबीतून पुढं करत होता.
मशीननं एकेक टोक सांधलं,
सहाव्यालाच काय तो नखरा, तीनदा केला.
साडेदहाला वरच्या मजल्यावरनं
पोरींचा आरडाओरडा आला, तेव्हा कळलं, आलं.

फॉर्म भरला. लागलेली केबल: शून्य.
शेऱ्यात लिहिलं, जुना माल जागेवर सापडला,
ऐंशी मीटर, हुंदरेंचं बिल परत बघावं.
ऑफिसात मराठी चालत नाही,
म्हणून मडिवाळनं तेच खाली कन्नडात उतरवलं,
आणि माझ्यापेक्षा दोन ओळी जास्त लिहिल्या.
काय लिहिलं विचारलं नाही.

हायवेवरच्या टपरीवर चहा सांगताना
त्यानं माझ्याकडं न बघता, टपरीवाल्याला,
घाबरत घाबरत:
"साखर... थोडं जादा."